इन्सुलिनचं पेटंट एक डॉलरला विकलं गेलं, तरी इन्सुलिन महाग कसं झालं?

गोष्ट १९२० सालची. कॅनडातल्या लंडन शहरात (हो, तिथेही एक लंडन आहे) २८ वर्षांच्या एका सर्जनने दवाखाना थाटला. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, मिलिटरी क्रॉस मिळवलेला हा माणूस, पण पेशंटच येईनात. पहिल्या महिन्याची कमाई चार डॉलर. हेच ते फ्रेडरिक बँटिंग.

घरखर्च भागावा म्हणून ते मेडिकल कॉलेजात शिकवायचे. ऑक्टोबरअखेर एका रात्री लेक्चरची तयारी करताना त्यांनी स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला आणि पहाटे दोनच्या सुमारास वहीत एक कल्पना खरडली. त्या घाईत डायबिटीसचं स्पेलिंगही चुकलं. स्वादुपिंडाची नळी बांधायची, पाचक रस बनवणाऱ्या पेशी मरू द्यायच्या आणि उरलेल्या भागातून साखर आटोक्यात ठेवणारा स्राव काढायचा, अशी ती कल्पना.

टोरंटो विद्यापीठातल्या प्रा. मॅक्लिऑड यांना ती फारशी पटली नव्हती. तरी त्यांनी १९२१ च्या उन्हाळ्यापुरती प्रयोगशाळा, दहा कुत्रे आणि चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. बँटिंग यांना पगार नव्हता. त्यांनी आपली मोटार विकली. वर्षअखेर जेम्स कॉलिप हे जीवरसायनतज्ज्ञ सोबत आले.

तेव्हा डायबिटीस झालेल्या मुलांना जवळपास उपाशी ठेवणं हाच उपचार होता. चौदा वर्षांचा लिओनार्ड थॉम्पसन असाच हाडांचा सापळा झाला होता. ११ जानेवारी १९२२ ला त्याला दिलेलं पहिलं इंजेक्शन फसलं, कारण अर्क अशुद्ध होता. कॉलिप यांनी तो शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि साखर उतरली.

१९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी पेटंट विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं. इन्सुलिनवर कुणा एकाची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्याच वर्षी नोबेल बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळालं. बेस्टला डावललं म्हणून बँटिंग चिडले आणि आपल्या वाट्याचे निम्मे पैसे त्याला दिले. मॅक्लिऑड यांनीही मग कॉलिपसोबत वाटणी केली.

२१ फेब्रुवारी १९४१ ला न्यूफाउंडलंडमधल्या विमान अपघातात बँटिंग गेले. त्यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर, म्हणजे आपल्याकडचा बालदिन, आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.

आता पैशांचं. एक डॉलरचं पेटंट फक्त त्या जुन्या इन्सुलिनचं होतं. कंपन्यांनी पुढे रेणूत बदल करून ‘ॲनालॉग’ इन्सुलिन आणलं, त्याची पेटंटं वेगळी. टाइप २ मध्ये सुरुवात सहसा मेटफॉर्मिनच्या स्वस्त गोळीने होते, पण गोळ्या पुरेनाशा झाल्या की अनेकांना इन्सुलिन लागतं. अमेरिकेत खासगी विमा असलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या टाइप २ पेशंटांपैकी २००० साली सुमारे १९ टक्के ॲनालॉगवर होते. २०१० मध्ये सुमारे ९२ टक्के! खरं तर टाइप २ च्या पुष्कळ पेशंटांची साखर जुन्या, स्वस्त इन्सुलिननेही आटोक्यात राहू शकते. पण प्रिस्क्रिप्शन बदललं आणि बिलही. ह्युमालॉगची बाटली १९९६ मध्ये सुमारे २१ डॉलरला होती, दोन दशकांत छापील किंमत २७० डॉलरच्या वर गेली.

मार्च २०२३ मध्ये ह्युमालॉग बनवणाऱ्या एली लिलीने ती ७० टक्क्यांनी कमी करायचं जाहीर केलं. पेटंटच्या त्या एक डॉलरच्या व्यवहाराला तेव्हा शंभर वर्षं झाली होती.