भास्कराचार्य (दुसरे)

भास्कराचार्य (जन्म: शके १०३६, इ.स. १११४) हे बाराव्या शतकातील थोर भारतीय गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते. सातव्या शतकातील त्याच नावाच्या गणितज्ञाहून वेगळे ओळखता यावेत, म्हणून त्यांना भास्कराचार्य दुसरे म्हणतात.

जीवन

सह्याद्रीजवळील विज्जडविड हे आपले गाव असल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. त्या गावाच्या स्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र नाशिक विभागातील चाळीसगावजवळच्या पाटण या गावाशी त्यांच्या घराण्याचा संबंध शिलालेखाने सिद्ध होतो. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पूर्ण केला. 'करणकुतूहल' हा ग्रंथ इ.स. ११८३ मधील आहे.

ज्या-गणित

ग्रहगणितासाठी कोणत्याही कोनाची ज्या लागते. कोष्टकात मात्र मोजक्याच किमती असतात. भास्कराचार्यांच्या लघु कोष्टकात त्रिज्या १२० धरून दर १० अंशांची अशा केवळ नऊ किमती आहेत. मधली किंमत सरळ त्रैराशिकाने काढल्यास ४५ अंशांची ज्या ८४.५ येते. त्याऐवजी त्यांनी भोग्यखंड स्पष्ट करण्याचा नियम दिला: गत व एष्य खंडांच्या फरकाला शेष अंशांनी गुणून २० ने भागावे आणि फल त्या खंडांच्या बेरजेच्या निम्म्यातून वजा करावे. येथे खंड १७ व १५, शेष ५. म्हणून स्पष्ट भोग्यखंड १५.५ आणि ज्या ८४.७५ येते. खरी किंमत सुमारे ८४.८५ आहे. या पद्धतीचे मूळ ब्रह्मगुप्तांच्या 'खण्डखाद्यक' (इ.स. ६६५) या ग्रंथात आहे.

थोड्या ज्ञात बिंदूंमधून तुकड्यातुकड्याने वक्र नेण्याची हीच गरज आधुनिक स्प्लाइन फलने भागवतात. मात्र तुकड्यांच्या सांध्यांवर उतार जुळावा, ही स्प्लाइनची अट जुन्या नियमात नाही.

वारसा

यादव राजा जैत्रपालाने भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना पाटणहून आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव सिंघण राजाचे ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन खंडित होऊ नये म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापला. त्यास निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिले. ही माहिती देणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून, बाजारातील मालातून व तेलघाण्यांतून मठाला द्यावयाच्या वाट्याची नोंद त्यात आहे.