आर्किमिडीज आणि राजाचा सुवर्णमुकुट

सिसिली बेटांतील सिराक्यूज नामक ग्रीक नगरांत ख्रिस्तपूर्व २८७ च्या सुमारास आर्किमिडीज जन्मास आला. त्याचा बाप फिडियस हा ज्योतिषी होता. म्हणजे ग्रहताऱ्यांच्या गतीचा अभ्यासक, कुंडल्या मांडणारा नव्हे. त्या नगराचा राजा हीयरो याचा आर्किमिडीजवर मोठा लोभ होता, व त्याच राजाच्या मुकुटाची गोष्ट आज आम्ही वाचकांस सांगणार आहों.

राजानें देवळांत वाहण्यासाठीं एक सोन्याचा मुकुट करविला. सोनाराला सोनें तोलून दिलें होतें, व तयार मुकुटही वजनास बरोबर उतरला. परंतु पुढें कुणकुण उठली कीं, सोनारानें कांहीं सोनें काढून घेऊन तितक्याच वजनाची चांदी आंत मिसळली आहे. मुकुट वितळवून पाहावा, तर देवाला वाहिलेली वस्तु नष्ट होणार. न पाहावा, तर चोर सुटणार, किंवा निरपराध्याच्या माथीं कायमचा कलंक राहणार. कसोटीच्या दगडावर घासावें, तर वरच्या थराचाच कस कळावयाचा. तेव्हां राजानें हें काम आर्किमिडीजकडे सोंपविलें.

तो या विचारांत असतां स्नानगृहांत गेला. टांकींत उतरतांना त्यानें पाहिलें कीं, आपलें शरीर जसजसें आंत जातें तसतसें पाणी बाहेर सांडतें. एवढ्यावरून त्याला मार्ग सुचला, आणि तो तसाच उघडा घरीं धांवत जाऊन आपणांस सांपडल्याचें ओरडत सुटला, असें म्हणतात. लोकांच्या लक्षांत हें धांवणेंच राहिलें आहे. पण पाहण्यासारखें आहे तें त्यानें पुढें काय केलें हें.

त्यानें मुकुटाच्या वजनाचे दोन गोळे घेतले, एक सोन्याचा व एक चांदीचा. भांडें कांठोकांठ भरून त्यांत चांदीचा गोळा सोडला, व तो काढल्यावर भांडें पुन्हां भरण्यास किती पाणी लागलें तें मापलें. मग सोन्याच्या गोळ्याचें तसेंच केलें; त्याला पुष्कळ कमी पाणी लागलें. शेवटीं मुकुट बुडविला, तों सोन्याच्या गोळ्यापेक्षां अधिक पाणी लागलें. चोरी उघड झाली. सोनाराचें काय झालें तें ही हकीकत लिहिणारा रोमी ग्रंथकार व्हिट्रूव्हियस सांगत नाहीं.

यांतील मर्म असें. मुकुटाला पानें व नक्षी असल्यामुळें त्याचें आकारमान पट्टीनें मोजतां येत नाहीं. परंतु पाण्याला नक्षीची अडचण नाहीं. वस्तु जेवढी जागा व्यापते तेवढेंच पाणी ती बाजूस सारते. वस्तूच्या वजनास त्या पाण्याच्या मापानें भागिलें कीं घनता निघते. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट व चांदीची १०.५ पट आहे. म्हणून १,००० ग्रॅम शुद्ध सोनें सुमारें ५२ घन सेंटिमीटर पाणी सारील. त्यांतील ३०० ग्रॅमच्या जागीं चांदी घातली तर सुमारें ६५.

येथें एक शंका रास्त आहे. भांडें २० सेंटिमीटर रुंद असेल, तर या १३ घन सेंटिमीटरांनीं पाण्याच्या पातळींत अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फरक पडतो. शिवाय बोटांस व वस्तूस चिकटलेलें पाणी निराळेंच. व्हिट्रूव्हियसनें तर ही हकीकत सुमारें दोनशें वर्षांनंतर लिहिली. बावीस वर्षांच्या गॅलिलिओसही ही रीत ओबडधोबड वाटली. १५८६ सालीं त्यानें एक लहानसा निबंध लिहून असें सुचविलें कीं, आर्किमिडीजनें तराजूच वापरला असावा. एका बाजूस मुकुट व दुसऱ्या बाजूस तितकेंच शुद्ध सोनें टांगून दोन्ही पाण्यांत बुडवावीं. वरील उदाहरणांत सोनें सुमारें ५२ ग्रॅमनीं हलकें होईल, खोटा मुकुट ६५ ग्रॅमनीं. मुकुटाची बाजू वर जाईल, व १३ ग्रॅमचा फरक साध्या तराजूसही कळेल. आम्हांसही हेंच अधिक संभवनीय वाटतें. कारण बुडालेली वस्तु आपण सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी हलकी होते, हा सिद्धांत आर्किमिडीजनें तरंगणाऱ्या पदार्थांवरील आपल्या ग्रंथांत स्वतः सिद्ध केला आहे. मुकुटाचा मात्र त्या ग्रंथांत उल्लेखही नाहीं.

ख्रिस्तपूर्व २१२ मध्यें रोमी सेनापति मार्सेलस यानें सिराक्यूज घेतलें. आर्किमिडीजला जिवंत ठेवण्याची त्याची आज्ञा असतांही एका शिपायानें त्या वृद्धास ठार केलें. ख्रिस्तपूर्व ७५ मध्यें सिसरो त्या प्रांतीं अधिकारी असतांना त्यानें कांट्याकुट्यांत दडलेली त्याची कबर शोधून काढिली. तिजवर गोल व दंडगोल यांची आकृति होती.

त्याच्या त्या ग्रंथाचीही अशीच गत झाली होती. दहाव्या शतकांतील एका चर्मपत्री प्रतीवरील अक्षरें खरवडून १२२९ सालीं तीवर ख्रिस्ती प्रार्थना लिहिण्यांत आल्या. १९०६ सालीं डॅनिश पंडित हायबर्ग यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें प्रार्थनांखालील पुसट ओळी ओळखिल्या. तरंगणाऱ्या पदार्थांवरील ग्रंथाचा मूळ ग्रीक पाठ याच एका प्रतींत उरला आहे. १९९८ सालीं ती लिलांवांत विकली गेली, आणि पुढें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथील वॉल्टर्स संग्रहालयांत नानाविध प्रकाशांत तिचीं छायाचित्रें घेऊन विद्वानांनीं ती पुन्हां वाचिली.