डॉ. डुबॉइस यांनी वाचलेले जग

वर्तमानपत्र हातात आले की आपण आधी गावोगावच्या अत्याचाराच्या बातम्या वाचतो, मग आरक्षणाच्या खटल्याचे काय झाले ते पाहतो. परदेशाचे पान बहुधा तसेच राहते. कोर्टाच्या बाररूममध्ये मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. आपल्याच वस्तीत पाणी नाही, तिथे चीन-जपानचे काय घेऊन बसायचे? या प्रश्नाला आयुष्यभर उत्तर देत राहिलेला एक संपादक अमेरिकेत होऊन गेला. डॉ. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस. बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहिले होते, एवढे चळवळीत पुष्कळांना ठाऊक असते. ते कोण होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

२३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. वडील घर सोडून गेले, आईने वाढवले. फिस्क, हार्वर्ड, बर्लिन असे शिकत १८९५ साली ते हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. पुढे अटलांटात प्राध्यापकी केली. ती सोडून १९१० साली ते न्यूयॉर्कला आले आणि एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे 'द क्रायसिस' हे मासिक त्यांनी सुरू केले. पहिल्या अंकाच्या एक हजार प्रती होत्या. दहा वर्षांच्या आत खप लाखाच्या घरात गेला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा हे मासिक त्याच शहरातून निघत होते.

या मासिकात झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांचा हिशेब असे आणि त्याच अंकात जगाचे राजकारणही असे. डुबॉइस यांच्या लेखी ते दोन विषय नव्हतेच. पहिले महायुद्ध का पेटले याची चर्चा युरोपचे विद्वान राजघराण्यांच्या भांडणात शोधत होते. १९१५ साली त्यांनी 'अटलांटिक मंथली'त लिहिले की या युद्धाचे मूळ आफ्रिकेच्या जमिनीत, तिथल्या संपत्तीच्या लुटीत आहे. १९१९ साली त्यांनी पॅरिसला ५७ प्रतिनिधींची पॅन-आफ्रिकन परिषद भरवली. तहाच्या टेबलावर वसाहतींची वाटणी चालली होती आणि ज्यांची वाटणी चालली होती त्यांना तिथे खुर्ची नव्हती.

पण ते चुकलेही, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जुलै १९१८ मध्ये त्यांनी आपल्या लोकांना युद्ध संपेपर्यंत गाऱ्हाणी बाजूला ठेवण्याचा सल्ला दिला. आधी देश, मग तुमचे प्रश्न, हे आपल्यालाही किती वेळा ऐकवले गेले आहे! सैनिक परतले तेव्हा त्यांच्यापुढे तोच वर्णद्वेष उभा होता, आणि डुबॉइस यांची लेखणी पुन्हा कडाडली. दुसरी चूक मोठी होती. १९३६ साली ते जपानला गेले आणि मांचुरियात जपानने बसवलेल्या राज्याचे त्यांनी कौतुक केले. गोऱ्यांना टक्कर देणारा देश म्हणून ते जपानकडे पाहत होते; त्या बुटाखाली चिनी माणूस होता, हे त्यांना दिसले नाही. हिंदुस्थानकडेही ते असेच पाहत. लाला लजपतराय त्यांचे मित्र, १९२९ च्या 'क्रायसिस'मध्ये गांधींचा संदेश, आणि १९२८ च्या 'डार्क प्रिन्सेस' कादंबरीची नायिका तर हिंदुस्थानी राजकन्या. सावळ्या हिंदुस्थानात सावळाच माणूस सावळ्याला विहिरीवरून हाकलतो, ही गोष्ट त्या चित्रात कुठे बसणार?

म्हणूनच १९४६ चे बाबासाहेबांचे पत्र मला महत्त्वाचे वाटते. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज गेल्याचे त्यांनी वाचले होते. अस्पृश्यांची स्थिती निग्रोंसारखीच आहे, आम्हीही तसा विचार करीत आहोत, असे कळवून त्यांनी अर्जाच्या प्रती मागितल्या. डुबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. पत्रव्यवहार छोटाच. पण रंगापलीकडचा अन्याय त्यांच्या टेबलावर आला तो असा.

ऑक्टोबर १९४७ मध्ये एन.ए.ए.सी.पी.चा स्वतःचा अर्ज त्यांनी राष्ट्रसंघापुढे ठेवला. वकील म्हणून मला इथे हसू येते आणि रागही येतो. मानवी हक्क आयोगाने अशा तक्रारींवर कार्यवाही करण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असे आधीच ठरवून टाकले होते. आयोगाच्या अध्यक्षा एलिनॉर रूझवेल्ट. त्याच एन.ए.ए.सी.पी.च्या संचालक मंडळावरही होत्या, आणि त्यांचाच या अर्जाला विरोध होता! पुढच्या वर्षी संघटनेने डुबॉइस यांनाच काढून टाकले.

अणुबॉम्बवर बंदी घाला, या मागणीसाठी सह्या गोळा केल्या म्हणून १९५१ मध्ये सरकारने त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरला. वय ८२ पूर्ण. हातात बेड्या घालून त्यांना कोर्टात आणले. बचावासाठी अल्बर्ट आइनस्टाइन साक्षीला यायला तयार होते, पण ती वेळच आली नाही. सरकारपक्षाचा पुरावा संपताच न्यायाधीशांनी खटला काढून टाकला. निर्दोष सुटूनही पासपोर्ट मात्र १९५८ पर्यंत मिळाला नाही, त्यामुळे १९५७ साली घाना स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना जाता आले नाही. अखेर १९६१ साली एन्क्रुमा यांच्या निमंत्रणावरून आफ्रिकेचा विश्वकोश तयार करण्यासाठी ते घानाला गेले. पासपोर्टचे नूतनीकरण अमेरिकेने नाकारले, तेव्हा त्यांनी घानाचे नागरिकत्व घेतले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. विश्वकोश अपुराच राहिला.