खऱ्या चांदीची राणी

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री लढायांवर पाण्यासारखा पैसा खर्च करी. तिजोरी आटली तेव्हा, १५४४ पासून, त्याने चांदीच्या नाण्यांत भरपूर तांबे मिसळायला सुरुवात केली. नाणे झिजले की त्यावरच्या राजाच्या चेहऱ्याचे नाक आधी तांबडे दिसे. लोकांनी त्यावरून त्याला नावही ठेवले. त्याच्या मुलाच्या काळात तर काही नाण्यांत चांदी चौथा हिस्साच उरली.

एलिझाबेथ ही याच हेन्रीची मुलगी. जन्म ७ सप्टेंबर १५३३. ती तीन वर्षांचीही नव्हती तेव्हा बापाने तिच्या आईचा शिरच्छेद करवला. १५५४ मध्ये सावत्र बहीण मेरीने बंडाच्या संशयावरून तिला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकले. टाकसाळही त्याच किल्ल्यात होती! १५५८ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, ती राणी झाली.

१५६० मध्ये तिने हिणकस नाणी परत मागवली आणि हजारात ९२५ भाग चांदी असलेली नवी नाणी पाडली. खालचा ठसा ओंडक्यात पक्का बसवायचा, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोडा. त्यामुळे कडा वेड्यावाकड्या होत आणि लबाड लोक त्या कातरून चांदी चोरत. पकडले गेल्यास मृत्युदंड होता.

सहा पेनीचे नाणे सुमारे ३ ग्रॅमचे, पेनी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. परेड ग्राउंडवर पडली तर अख्ख्या हाऊसला सापडणार नाही. पाव पेनीचे नाणे तर पाडणेच अशक्य होते. म्हणून १५६१ मध्ये पाऊण पेनीचे नाणे निघाले. पेनी द्यायची, पाऊण पेनी परत घ्यायची, की पाव पेनीचा व्यवहार झाला. सारख्या आकाराच्या नाण्यांत गोंधळ नको म्हणून काहींवर राणीच्या डोक्यामागे गुलाब कोरला.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. लोकांकडच्या सहा पेनीच्या हिणकस नाण्याची किंमत साडेचार पेनी ठरवली गेली, अगदी वाईट नाण्याची सव्वादोन. खोट केली राजाने, भुर्दंड पडला सामान्य माणसाला. सरकारला उलट थोडा नफाच झाला.

१६०० च्या अखेरीस तिने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडच्या व्यापारासाठी खास चांदीची नाणीही पाडली, पण तिकडच्या व्यापाऱ्यांचा विश्वास स्पेनच्या नाण्यांवरच होता. २४ मार्च १६०३ रोजी ती वारली. तिची नाणी पुढेही कित्येक वर्षे चालली. १६९६ मध्ये हातोड्याची जुनी नाणी परत घेतली गेली, तेव्हा त्यांतली बरीच कातरून कातरून निम्मी झाली होती.