पिवळ्या बामचे नागेश्वरराव

आपल्या पिंपरी-चिंचवडहून एक्स्प्रेसवेने मुंबईला निघालं की बोरघाटात एक जुना दगडी पूल लागायचा. इंग्रजांनी 1830 साली बांधलेला हा पूल एप्रिल 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात पाडण्यात आला. त्याला सगळे अमृतांजन पूल म्हणायचे, कारण तिथे त्या बामची मोठी जाहिरात असायची. पूल गेला तरी नाव लोकांच्या तोंडी आहेच. पण हा बाम काढणारा माणूस कोण, हे आमच्या विंगमध्ये एकीलाही सांगता येईना. म्हणून हा लेख!

त्यांचं नाव काशीनाथुनी नागेश्वरराव. जन्म 1867 चा, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात, एलकुर्रू गावी. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण झालं. घरची श्रीमंती नव्हती. नोकरीधंद्यासाठी आधी कलकत्ता आणि मग मुंबई असा प्रवास झाला. औषधांच्या व्यापारात काम करता करता ते त्यातल्या खाचाखोचा शिकले आणि 1893 साली मुंबईत त्यांनी अमृतांजन सुरू केलं. त्या वेळी त्यांचं वय होतं अवघं 26. म्हणजे आपल्यापेक्षा फार मोठे नाहीत, बरं का!

नवीन बाम विकत कोण घेणार? तेव्हा नागेश्वररावांनी एक साधी युक्ती केली. संगीताच्या मैफली जिथे भरत, तिथे ते बाम फुकट वाटायचे. रात्रभर जागून डोकं जड झालेल्या लोकांना लगेच गुण यायचा, आणि पुढच्या वेळी तेच लोक दुकानात जाऊन बाटली मागायचे. आपल्या एमबीएवाल्या सीनिअर्सनी याला फ्री सॅम्पलिंग म्हटलं असतं.

आता त्या बाटलीत असतं काय? कापूर, मेन्थॉल, निलगिरीचं तेल अशी वासाची द्रव्यं. ही सगळी फार तीव्र असतात. म्हणून ती मेणासारख्या मलमात थोड्या प्रमाणात मिसळतात. बाम बनवणाऱ्याची खरी हुशारी या प्रमाणातच आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण सध्या हॉस्टेलमध्ये रोझमेरी तेलाचं वेड आलंय. बोअरवेलच्या पाण्याने केस गळतात म्हणून प्रत्येकीच्या कपाटात एक छोटी बाटली आहे. रोझमेरीतही निलगिरीसारखंच सिनिओल असतं, शिवाय कापूरही. 100 किलो पाल्यातून जेमतेम किलोभर तेल निघतं, यावरून ते किती कडक असेल बघा! आमच्या विंगमधल्या एकीने ते तसंच डोक्याला चोळलं. सकाळी टाळू लालभडक, आग आग, आणि सबमिशनच्या दिवशी ती डॉक्टरांकडे रांगेत.

केसांना उपयोग होतो का? 2015 साली 100 पुरुषांवर सहा महिने एक चाचणी झाली. त्यात रोझमेरीचा परिणाम दोन टक्के मिनॉक्सिडिलच्या जवळपास दिसला. पण चाचणी एकच आणि छोटी, त्यामुळे फार आशा नको. वापरायचंच असेल तर एक चमचा खोबरेल तेलात दोन थेंब, म्हणजे साधारण दोन टक्के. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. पोटात अजिबात घ्यायचं नाही. फिट येणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी आणि दम्याच्या पेशंटनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. लहान मुलांच्या नाकाला बामही लावू नये, तेलही नाही. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. आणि हो, हे तेल पेट घेतं. इंडक्शन, कॉइल, मच्छर अगरबत्ती यांच्यापासून लांब, गडद काचेच्या बाटलीत, बूच घट्ट लावून ठेवा.

नागेश्वररावांकडे परत येऊ. बामचा पैसा त्यांनी नुसता साठवला नाही. 1908 साली मुंबईतूनच त्यांनी आंध्र पत्रिका हे तेलुगू साप्ताहिक काढलं. 1914 साली ते मद्रासला गेले आणि साप्ताहिकाचं दैनिक झालं. 1924 साली भारती हे मासिक आलं. स्वस्त दरातली पुस्तकंही त्यांनी छापली. मिठाच्या सत्याग्रहात ते तुरुंगातही गेले. तेलुगू लोकांचं वेगळं राज्य व्हावं म्हणून ते झटले. 1937 चा श्रीबाग करार त्यांच्याच मद्रासच्या घरी झाला. लोक त्यांना देशोद्धारक म्हणत. 11 एप्रिल 1938 रोजी ते गेले. आंध्र राज्य झालं 1953 साली, ते काही त्यांना बघायला मिळालं नाही.

चाकणच्या कंपन्यांत इंटर्नशिप करताना आपण सगळे पॅकेज किती याचाच हिशेब करतो. त्यात चूक काहीच नाही, नागेश्वररावांनीही धंदा चोख केला. पण त्या धंद्यातून एका भाषेचं वर्तमानपत्र उभं राहिलं आणि हजारो घरांत वाचन पोचलं. पहिला पगार हातात आला की एवढं एकदा आठवा. आणि तोपर्यंत रोझमेरीचे थेंब मोजून घाला!