कमला सोहोनी : एकीची हकिगत, अनेकींचा हिशेब

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत २८ फेब्रुवारीस विज्ञान दिन साजरा होतो. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधाचा हा स्मरणदिन. याच रामन यांनी १९३३ साली एका गुणवंत मराठी विद्यार्थिनीला, केवळ ती मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला होता. ती विद्यार्थिनी म्हणजे पुढे जीवरसायनशास्त्रात नाव कमावलेल्या डॉ. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत.

इंदूर येथे जन्मलेल्या कमलाबाई या लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. वडील व काका दोघेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. नकार येताच त्या थेट संचालक रामन यांच्यापुढे जाऊन ठाण मांडून बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभर परीक्षाधीन म्हणून. वर्षअखेर रामन यांचे मत पालटले आणि पुढे अन्य मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

वनस्पतींतील श्वसनक्रियेशी निगडित ‘सायटोक्रोम सी’ या घटकावर संशोधन करून १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा आणि मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे त्यांनी काम केले. नीरेच्या पोषणमूल्यांवरील संशोधनाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला. मुंबईच्या संस्थेचे संचालकपद मात्र बऱ्याच प्रतीक्षेनंतर वाट्याला आले. पुढे त्या ग्राहक चळवळीत रमल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बंगळूरच्या संस्थेतील पहिली विद्यार्थिनी म्हणून त्यांची हकिगत सांगितली जाते. संस्थेच्या जुन्या नोंदींत मात्र १९२० च्या दशकातही तुरळक विद्यार्थिनी आढळतात. यामुळे कमलाबाईंचे कर्तृत्व उणे होत नाही. उलट त्यांच्या लढ्याचा अर्थ अधिक गंभीर होतो. एकदोघींना मिळालेला प्रवेश पुढच्या मुलीच्या उपयोगी पडला नव्हता. म्हणूनच हकिगतीच्या जोडीला दरवर्षीचा हिशेब हवा. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०१८ साली देशातील संशोधकांत स्त्रिया शंभरात सुमारे सतराच होत्या. जगाची सरासरी तीसच्या आसपास मानली जाते. विज्ञान शाखेच्या वर्गात मुलींची संख्या मोठी असते. मग प्रयोगशाळेपर्यंत पोहोचताना ती घटते कोठे, हे केवळ प्रवेशाच्या आकड्यावरून कळत नाही.

निरक्षर बहिणाबाई चौधरींचे नाव २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला आहे. खानदेशाला त्याचा सार्थ अभिमान वाटतो. यंदाच्या विज्ञान दिनी कमलाबाईंच्या तसबिरीला हार घालताना प्रत्येक महाविद्यालयाने आणखी एक फलक लावावा : पदवीला किती मुली, संशोधनाला किती आणि मधल्या वाटेवर थांबलेल्या किती.