लव्हेंडर आणि दोन भाजलेले हात

ब्यूटी पार्लरच्या पाट्यांवरून ‘अरोमाथेरपी’ हा शब्द आता आपल्या गल्लीबोळांत पोहोचला आहे. हे नाव रूढ करणारा मात्र कुणी साधू किंवा वैदू नव्हता. रेने-मॉरिस गॅटफोसे (जन्म १८८१) हा फ्रान्समधल्या लिआँ शहरातला रसायनतज्ज्ञ. सुगंधी द्रव्यांचा धंदा घरचाच.

त्याची हकिगत हमखास अशी सांगतात : प्रयोगशाळेत हात भाजला, शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या पिंपात त्याने तो बुडवला आणि हात बरा झाला. गोष्ट झकास आहे. खरा प्रकार अधिक भयंकर होता. जुलै १९१० मध्ये प्रयोगशाळेत स्फोट झाला. पेटतं द्रव्य अंगावर घेऊन हा माणूस बाहेर धावला आणि गवतावर लोळून त्याने आग विझवली. पण पुढे दोन्ही हातांच्या जखमांत गॅस गँग्रीन शिरलं. त्या काळी प्रतिजैविकं नव्हती. गँग्रीन म्हणजे अवयव तरी जायचा, नाहीतर जीव. गॅटफोसेने जखमा लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या. सडणं थांबलं, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे.

आता एका माणसाच्या दोन हातांवरून औषध सिद्ध होत नाही. त्यानेही पुढची वर्षं तेलांतले घटक तपासण्यात आणि डॉक्टरांकडून रुग्णांवरचे अनुभव जमवण्यात घालवली. दक्षिण फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या लव्हेंडर उत्पादकांनाही त्याने हाताशी धरलं. शंभर किलोंहून अधिक फुलं वाफेवर ऊर्ध्वपातित करावी, तेव्हा कुठे किलोभर तेल मिळतं! १९३७ साली ‘अरोमातेरापी’ हे त्याचं पुस्तक आलं. त्यात भर आहे तो जखमा, त्वचारोग आणि जंतुसंसर्गावर, मन:शांतीवर नव्हे. तेलं मालिशीत आणि सौंदर्योपचारांत रुजवली ती त्याच्यामागून मार्गरीट मोरी या बाईंनी.

सर्दीला गरम पाण्यात निलगिरीचे थेंब टाकणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटू नये. मात्र ती बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेलेलं निलगिरीचं तेल विषारी ठरतं.

गॅटफोसे १९५० मध्ये मोरोक्कोतल्या कॅसाब्लांका इथे वारला. त्याचं पुस्तक इंग्रजीत यायला १९९३ साल उजाडलं. तोवर पिंपाची गोष्ट जगभर फिरून आली होती.